‘स्वाव्ह’: जिभेवरून वागण्यात

इंग्रजीतले ‘स्वाव्ह’ हे विशेषण आज बहुधा माणसाला, त्यातही पुरुषाला लागते. बेतशीर पोशाख, संथ आवाज, कोणत्याही बैठकीत न अवघडणारा वावर आणि समोरच्याला न दुखावता आपले काम साधणारे बोलणे, एवढे सगळे त्यात येते. जेम्स बाँड हे त्याचे हुकमी उदाहरण. हा सफाईदारपणा शब्दाच्या मुळात मात्र नाही. मूळ आहे चवीत.

लॅटिन ‘सुआविस’ म्हणजे गोड. जिभेला, नाकाला, कानाला सुखावणारे. ज्या प्राचीन इंडो-युरोपीय धातूतून तो निघाला, त्याच धातूचे संस्कृतातले रूप ‘स्वादु’. मराठीतला ‘स्वाद’ही याच घरचा. ग्रीकमध्ये आरंभीच्या ‘स’चा ‘ह’ झाला आणि गोड या अर्थी ‘हेदुस’, सुख या अर्थी ‘हेदोने’ हे शब्द आले. ‘हेडोनिझम’ त्यांतूनच घडला. इंग्रजीचा स्वतःचा ‘स्वीट’देखील याच कुळातला. म्हणजे घरात सख्खा वारस असताना इंग्रजीने लॅटिन घराण्यातला भाऊबंद दत्तक घेतला. ‘पर्स्वेड’, अर्थात गळी उतरवणे, हाही त्यांचाच नातलग, आणि गोड बोलून पटवणाऱ्यांच्या या कुळात तो शोभतोही.

फ्रेंच-लॅटिनच्या वाटेने इंग्रजीत आल्यावर आरंभी ‘स्वाव्ह’चा अर्थ कृपाळू, प्रसन्न असा होता. आजची अदबशीर, सफाईदार छटा रुळली ती एकोणिसाव्या शतकात. भावंडे मात्र इंद्रियांपाशीच राहिली. फ्रेंचमध्ये तो सुगंधाला आणि सुरांना लागतो, स्पॅनिशमध्ये मऊ केसांना आणि मंद वाऱ्याला. ब्राझीलमध्ये तर ‘व्हिन्यू सुआव्ह’ म्हणजे गोड वाइन.

जवळच्या शब्दांपासून त्याला वेगळा काढावा लागतो. ‘पोलाइट’ माणूस नुसता सभ्य असतो. ‘अर्बेन’मध्ये नागर संस्कार आणि व्यासंग अभिप्रेत असतो. माणसाला ‘स्मूद’ म्हटले की संशय जवळपास उघडच होतो. ‘स्वाव्ह’मध्ये तो दबलेला असतो: शब्द स्तुतीचा, पण बोलणाऱ्याच्या सुरावर त्याचा रंग ठरतो. त्यामुळे कथा-चित्रपटांतल्या खलनायकालाही तो सहज चिकटतो. मराठीत ‘साखरपेरणी’ त्याच्या जवळ जाते, पण तिच्यात फक्त बोलणे येते. पेहराव आणि ऐट बाहेरच राहतात. स्त्रीला हे विशेषण क्वचितच लावले जाते. वस्तूंपेक्षा ते वागणे, आवाज आणि ढब यांनाच अधिक जुळते.