आज्याचा जबाब

उमरखेडच्या अंगाला, पैनगंगेच्या काठी आम्हा भोयांची घरं. आजा फेकजाळ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून शिशाच्या गोळ्या ओवायचा आणि गोष्टी सांगायचा. 1947 पर्यंत अल्याड इंग्रजांचं वऱ्हाड, पल्याड निजामाचं राज्य. आमच्या बोलीत मोगलाई. डोंगा मधोमध असला की कुठल्या तरी काठावरून शिपायाची हाळी यायचीच : "वाम दे, नाही त जायं ठेव." आज्याच्या मते या बाबतीत दोन्ही सरकारं सख्खी भावंडं होती.

कायदा नव्हता असं नाही. 1897 च्या मत्स्य कायद्याने सुरुंग लावून वा पाण्यात विष कालवून मासे मारणं गुन्हा ठरवलं. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. काळजी होती ती माशांची. अमेरिकेत हौसेने गळ टाकणाऱ्याला मुद्दाम त्रास देणं हा अनेक राज्यांत वेगळा गुन्हा आहे. आपल्याकडे पोटासाठी जाळं टाकणाऱ्याचं एवढं कौतुक नाही. त्याने भारतीय न्याय संहितेची सर्वांसाठीचीच कलमं धरायची : खंडणीला 308, धमकीला 351. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा आसराही आम्हाला नाही, कारण भोई भटक्या जमातींत मोडतात, अनुसूचित जमातींत नव्हे.

जंगलातल्या पाण्यापुरता मात्र एक भक्कम आधार आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3 मासे आणि पाण्यातल्या इतर उत्पन्नावरचा सामूहिक हक्क मानतं. अट कडक आहे. अनुसूचित जमातीत नसलेल्यांनी 13 डिसेंबर 2005 च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, तिथला रहिवास दाखवायचा. थेट 1930 सालापासून! भोयाकडे तेव्हाचा कागद कुठला असणार? सातबारा शेताचा निघतो, डोहाचा नाही.

पण याच कायद्याच्या नियमांतला नियम 13 पुराव्यांच्या यादीत वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही धरतो, फक्त तो दावेदाराचा स्वतःचा नको. एवढ्यावर भागत नाही, जोडीला आणखी एक पुरावा लागतो. तरी मोगलाईच्या त्या गोष्टी सरकारी फाईलीत लागू शकतात, हे आज्याला कुणी सांगितलं असतं तर तो डोंग्यातून पडला असता.

आता तो नाही. पैनगंगा अभयारण्याच्या आसपास ज्यांच्या घरी ऐंशी-नव्वदीची माणसं आहेत, त्यांनी यंदाच लिहून घ्यावं : कुठला डोह, कुणाचं जाळं, कुणाच्या बापाच्या काळापासून. खाली अंगठा घ्या, साक्षीदाराची सही घ्या आणि वनहक्क समितीकडे द्या.