पोत हाही पुरावाच : जुन्नरच्या लेण्यांपासून घरच्या संगणकावरील प्रतिकृतीपर्यंत

#धागा #इतिहास #जुन्नर #आंबेगाव

१. दिवाळीत अंगणात किल्ला करताना मुले आधी दगड-विटांचा ढीग रचतात. त्यावर गोणपाट टाकतात, गोणपाटावर चिखलाचा लेप देतात आणि ओलसर मातीत अळीव किंवा मोहरी पेरतात. चार दिवसांत डोंगर हिरवा होतो. संध्याकाळी पणती लावली की विटांचा तो ढीग शिवनेरी होऊन जातो.

२. संगणकावर त्रिमितीय ॲनिमेशन करणारा हौशी कलावंत याच तीन पायऱ्या चढतो. दगड-विटा म्हणजे प्रतिकृतीचा सांगाडा. गोणपाट, चिखल आणि अळीव म्हणजे पोत, अर्थात टेक्स्चर. पणतीचा उजेड आणि तो पाहणारा डोळा म्हणजे रेंडरिंग. सांगाडा ‘हे काय आहे’ ते सांगतो. ‘हे केव्हाचे आहे, कशाचे आहे, किती वापरलेले आहे’ हे सारे पोत सांगतो.

३. म्हणूनच ऐतिहासिक वास्तूच्या प्रतिकृतीवर चढवलेला प्रत्येक पोत हे भूतकाळाविषयीचे एक विधान असते. हे समजून घेण्यासाठी जुन्नरसारखी दुसरी जागा नाही. या एका परिसरात दोनशेहून अधिक खोदकामे आहेत : तुळजा, शिवनेरी, लेण्याद्री आणि मानमोडी. यांतल्या अनेकांवर दोन हजार वर्षांपूर्वीच पोत चढवला गेला होता.

४. लेण्याद्रीचे सहावे लेणे पाहावे. हे चैत्यगृह आहे, आणि कल्याणच्या सुलसदत्ताने ते दान केल्याचा लेख तेथे आहे. त्याच्या कमानदार छतावर फासळ्या दिसतात. लाकडी छपराला अशा फासळ्या आधारासाठी लागत. येथे छत अखंड कातळाचे आहे. त्याला आधाराची गरजच नाही. तरीही कारागिरांनी त्या फासळ्या दगडात कोरल्या, कारण पाहणाऱ्याच्या मनातले प्रार्थनागृह लाकडाचे होते.

५. कार्ले आणि भाजे येथील चैत्यगृहांत कातळाच्या छताखाली खऱ्या लाकडी फासळ्या बसवलेल्या आहेत. लेण्याद्रीत लाकूड गेले, लाकडाचे रूप तेवढे उरले. तुळजा लेण्यांतील वर्तुळाकार चैत्यगृहात मात्र स्तूपाभोवती बारा साधे अष्टकोनी खांब आहेत आणि वर घुमट आहे. कातळ सगळीकडे सह्याद्रीचाच बेसॉल्ट. पण त्याला काय भासवायचे, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे ठरले.

६. दर्शनी पृष्ठभागाचे मोल तेव्हाही ठाऊक होते. मानमोडीच्या भूतलिंग गटातील एका लेण्याचा दर्शनी भाग ‘यवन चंद’ नावाच्या दात्याचे दान असल्याचे तेथील लेख सांगतो. शिवनेरीवरील एका चैत्यगृहाच्या छतावर चौकोनांत एकात एक वर्तुळे रंगवल्याच्या खुणा राहिल्या आहेत. आज करडा दिसणारा कातळ या लेण्यांचा शेवटचा पोत आहे. पहिला पोत वेगळाच होता.

७. आता संगणकाकडे. १९७४ साली अमेरिकेतील युटा विद्यापीठात एडविन कॅटमल या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात वक्र पृष्ठभागावर चित्र बसवण्याची पद्धत मांडली. पुढे हेच कॅटमल पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाले. या पद्धतीसाठी आधी त्रिमितीय वस्तूची सपाट उकल करावी लागते. शिवलेला झंपर उसवून कापडाचे तुकडे जमिनीवर पसरावेत, तसे हे काम आहे. सपाट तुकड्यांवर चित्र काढायचे आणि ते पुन्हा मूळ आकारावर चढवायचे.

८. उसवताना शिवण कुठे घ्यायची, यात खरे कौशल्य आहे. शिवणीपाशी चित्र तुटते. म्हणून अष्टकोनी खांबाची शिवण मागच्या कोपऱ्यावर घ्यावी आणि स्तूपाच्या अंडाची भिंतीकडच्या बाजूला. उकललेले तुकडे परस्परांच्या प्रमाणात हवेत. एक तुकडा ताणलेला आणि दुसरा आखडलेला राहिला, तर शेजारशेजारच्या खांबांचे दगड दोन वेगळ्या खाणींतले वाटतात.

९. १९७८ साली जेम्स ब्लिन यांनी पुढचे पाऊल टाकले. पृष्ठभाग प्रत्यक्ष न हलवता, प्रकाशाचा हिशेब करताना त्याची दिशा किंचित बदलायची, म्हणजे सपाट भागावरही सुरकुत्या आणि खड्डे असल्याचा भास होतो. या युक्तीची मर्यादाही लक्षात ठेवावी : वस्तूची बाह्यरेषा तिने बदलत नाही. त्यामुळे छिन्नीचे घाव अशा भासातून दाखवता येतात. छताच्या फासळ्या मात्र खऱ्याच घडवाव्या लागतात.

१०. मग केन पर्लिन आले. ‘ट्रॉन’ या १९८२ च्या चित्रपटावर काम केल्यानंतर संगणकीय चित्रांचा गुळगुळीतपणा त्यांना खटकू लागला. त्यांनी नियंत्रित अनियमितता निर्माण करणारे गणित रचले आणि १९८५ साली ते प्रसिद्ध झाले. ढग, संगमरवर, गंज, कातळ या सर्वांच्या पोतांत आजही ते वापरले जाते. एकच छायाचित्र भिंतभर जोडत गेले, तर छापील साडीच्या नक्षीसारखी पुनरावृत्ती डोळ्यात भरते. त्यावर मोठ्या आकाराची, मंद अनियमितता मिसळली की भिंत एकसंध होते.

११. उजेडाचा प्रश्न १९८६ साली जेम्स काजिया यांनी एका समीकरणात बांधला. एखाद्या बिंदूवर पडणारा प्रकाश फक्त सूर्याकडून येत नाही. समोरची जमीन, शेजारची भिंत, आकाश हे सारे त्याला प्रकाश देत असतात. लेण्याच्या आतल्या उजेडाचे वर्णन यापेक्षा नेमके करता येणार नाही.

१२. ही सारी विद्या दीर्घकाळ मोठ्या स्टुडिओंकडे होती. ती घरोघरी पोहोचवण्यात ब्लेंडर या प्रणालीचा वाटा मोठा आहे. २००२ साली तिच्यामागची कंपनी बंद पडली. तेव्हा टॉन रोझेंडाल यांनी प्रणाली मुक्त करण्यासाठी लोकांकडे एक लाख युरो मागितले. सात आठवड्यांत ती रक्कम उभी राहिली आणि १३ ऑक्टोबर २००२ रोजी ब्लेंडर सर्वांसाठी खुले झाले. प्रकाशाचा माग काढणारे ‘सायकल्स’ हे तंत्र त्यात २०११ साली आले. तालुक्याच्या गावातला विद्यार्थीही आता ते विनामूल्य वापरू शकतो.

१३. असा विद्यार्थी लेण्याद्रीची प्रतिकृती करू लागला, तर पहिली अडचण छायाचित्रांची येते. भर उन्हात घेतलेल्या छायाचित्रात सावली पोतातच मुरते. मग प्रतिकृतीवर नवा सूर्य लावला की दोन सूर्यांच्या सावल्या पडतात. आषाढातले ढगाळ आकाश सम उजेड देते, पण तेव्हा कातळ ओला असतो. ओला दगड अधिक गडद आणि अधिक चकचकीत दिसतो. म्हणून पावसाळा सरल्यावरचा कोरडा, ढगाळ दिवस सर्वांत उत्तम. चौकटीत एक पांढरा कागद ठेवला, तर रंग नंतर दुरुस्त करता येतो.

१४. दुसरी गोष्ट खरखरीतपणाची. रंगापेक्षा याच गुणावरून डोळा पदार्थ ओळखतो. पायरीची कड मध्यभागी झिजते, टोकांना कमी. जिथे शतकानुशतके हात टेकले, तिथला दगड माणसाच्या खांद्याच्या उंचीपर्यंत गुळगुळीत होतो. पाणी झिरपते तिथे काळपट ओघळ उतरतात. झीज जर कारणाशिवाय सगळीकडे सारखी शिंपडली, तर वास्तू जुनी वाटत नाही, फक्त मळकी वाटते.

१५. तिसरी गोष्ट मापाची. बेसॉल्टमधील बारीक छिद्रे प्रतिकृतीत हाताच्या पंजाएवढी झाली, तर भव्य चैत्यगृह खेळण्यातले वाटू लागते. यावर साधा उपाय आहे : पोत बसवताना दृश्यात माणसाच्या उंचीची एक आकृती उभी ठेवावी आणि काम झाल्यावर काढून टाकावी.

१६. चौथी गोष्ट सूर्याची. लेण्याद्रीची लेणी दक्षिणाभिमुख आहेत आणि जुन्नर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस दुपारी सूर्य दक्षिणेला सुमारे ४७ अंशांवर असतो. ऊन ओसरीत शिरते. जूनच्या अखेरीस तो माथ्यावरून किंचित उत्तरेला सरकतो आणि दुपारचे थेट ऊन आत येतच नाही. तेव्हा लेणे फक्त आकाशाच्या आणि जमिनीवरून परतलेल्या उजेडावर जगते. मनाला येईल तिथे दिवा टांगला, तर चित्र आकर्षक होईल, पण ते लेण्याद्रीचे राहणार नाही.

१७. पाचवी गोष्ट वेळेची. सेकंदाला २४ चित्रे धरली, तर अर्ध्या मिनिटाच्या दृश्याला ७२० चित्रे लागतात. एका चित्राला पाच मिनिटे लागली, तर संगणक साठ तास चालू ठेवावा लागेल. लोडशेडिंगच्या भागात हे परवडणारे नाही. दृश्यात फक्त कॅमेरा फिरणार असेल आणि दिवे, वस्तू स्थिर असतील, तर उजेडाचा हिशेब एकदाच करून पोतातच साठवावा. या क्रियेला बेकिंग म्हणतात. मात्र त्याआधी लहान आकाराची चाचणी चित्रे काढून पाहावीत.

१८. तंत्र येथे संपते आणि इतिहासाचा प्रश्न सुरू होतो : प्रतिकृती कोणत्या काळातली? कोरून नुकतेच पूर्ण झालेले, रंगवलेले चैत्यगृह? की आजचे, वटवाघळांच्या वासाचे? लेण्याद्रीचे सातवे लेणे मुळात वीस खोल्यांचा बौद्ध विहार. आज तेथे अष्टविनायकांपैकी गिरिजात्मजाचे देवस्थान आहे. भिक्खूंचा विहार दाखवायचा तर गणपती नाही आणि आजचे मंदिर दाखवायचे तर भिक्खू नाहीत. दोन्ही पोत खरे आहेत. एकाच चौकटीत मात्र ते एकत्र खरे ठरत नाहीत.

१९. सर्वांत कठीण परीक्षा नाणेघाटात. घाटमाथ्यावरच्या त्या लेण्यात सातवाहन राजकुलाच्या मूर्ती होत्या. सिमुक, नागनिका, सातकर्णी यांची नावे भिंतीवर कोरलेली आहेत. मूर्ती नष्ट झाल्या. पायांच्या खुणा आणि वरची नावे उरली. १८२८ साली विल्यम साइक्स यांनी या लेखांची नोंद घेतली, तेव्हापासून अभ्यासकांचे लक्ष त्या रिकाम्या जागेकडे आहे.

२०. आजचा संगणक तेथे नागनिकेचा चेहरा सहज उभा करील : त्वचेचा पोत, दागिन्यांची चमक, डोळ्यांतले पाणी. चित्र जितके सफाईदार, तितका पाहणाऱ्याचा विश्वास अधिक. पण त्या चेहऱ्यामागे एकही पुरावा नसेल. दोन पिढ्यांनी तोच चेहरा पाठ्यपुस्तकात छापला, तर तो खोडून काढणे इतिहासकाराला जवळपास अशक्य होईल.

२१. यावर अभ्यासकांनी विचार केलेला आहे. वारशाच्या संगणकीय दृश्यरूपांसाठी २००६ साली तयार झालेल्या ‘लंडन चार्टर’चा गाभा असा : काय पुराव्यावर आधारलेले आहे आणि काय अनुमान आहे, हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे. हौशी कलावंतही हे पाळू शकतो. पुराव्याच्या भागाला पूर्ण पोत द्यावा. अनुमानाच्या भागाला सपाट करडा रंग ठेवावा. प्रत्येक पोताच्या फाइलला नाव देतानाच तो कुठून आला हे नोंदवावे. नाणेघाटात पायांवर दगडाचा पोत आणि वर करडी छाया, एवढेच प्रामाणिक चित्र होऊ शकते.

२२. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात हीच गोष्ट उलट बाजूने येते. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते जुने आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. त्या जलाशयाला आज हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. तेथील भिंतींचा पोत कोणत्याही शिलालेखात नाही. सारवलेली जमीन कोणत्या रंगाची होती, ओट्याचा दगड कुठे झिजला होता, देवळाच्या पायरीवर दुपारी सावली कोणाची पडे, हे त्या गावात वाढलेल्या माणसांनाच ठाऊक. लेण्यांचा कातळ आणखी हजार वर्षे थांबेल. ही माणसे थांबणार नाहीत.

२३. म्हणून या दोन तालुक्यांतल्या हौशी कलावंतांपुढे खरे काम हे आहे. संगणक उघडण्यापूर्वी वही घ्यावी, आजी-आजोबांच्या शेजारी बसावे आणि भिंतीचा रंग विचारावा. त्यांनी सांगितलेले आणि स्वतः कल्पिलेले, या दोहोंना वेगळे रंग द्यावेत.

२४. अंगणातला किल्ला पहिल्याच वळवाच्या सरीत विरघळतो. त्याला कोणी पुरावा समजत नाही. संगणकावरची प्रतिकृती मात्र विरघळत नाही. ती फिरत राहते, पाहिली जाते आणि खरी मानली जाते. तिच्यावर पोत चढवणाऱ्याच्या हाती, नकळत का होईना, इतिहासकाराची लेखणी आलेली असते.

॥ धागा समाप्त ॥