लहरींचा जमाखर्च

सरकारी नोकरीत ज्यांचे आयुष्य गेले त्यांना एक गोष्ट निराळी सांगावी लागत नाही. एखादे काम कसे होईल, हे पुष्कळदा ते करणाऱ्याच्या हेतूपेक्षा पैसा कोणत्या अटींवर मिळतो यावरून ठरते. नभोवाणीचेही तसेच आहे. स्थानिक केंद्र रसिकतेने चालवावे की नफ्यासाठी, असा वाद आपण घालतो. परंतु केंद्राच्या माथ्यावर ठरीव खर्चाचे ओझे किती, हे विचारावयाचे राहून जाते. आम्ही ज्या बंगळूर शहरी राहतो, तेथील नभोवाणीचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

या प्रश्नाचा पहिला धडा मात्र मुंबईत मिळाला. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने तेथे खासगी केंद्र सुरू केले. रेडिओ बाळगणाऱ्याने वर्षाला दहा रुपये परवानाशुल्क द्यावयाचे आणि त्यातील ८० टक्के कंपनीला मिळावयाचे, अशी व्यवस्था होती. पण परवानाधारकांची संख्या आठ हजारांच्या आतच राहिली. केंद्रे, वादक, यंत्रे यांचा खर्च त्यासाठी थांबणार नव्हता. मार्च १९३० मध्ये कंपनी दिवाळ्यात निघाली व पुढच्याच महिन्यात सरकारला प्रक्षेपण हाती घ्यावे लागले.

म्हैसूरची कथा याहून वेगळी व अधिक हृद्य आहे. महाराजा महाविद्यालयातील मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ च्या सप्टेंबरात आपल्या राहत्या घरी ३० वॅटचा लहानसा प्रक्षेपक बसविला आणि केंद्राला 'आकाशवाणी' हे नाव दिले. पुढे स्वतंत्र भारताच्या नभोवाणीने तेच स्वीकारले. भागधारक नव्हते, जाहिराती नव्हत्या. होती ती पदरमोड आणि लोकांची मदत. येथे दर्जाला अडथळा करणारा नफा मुळीच नव्हता. तरीही एका गृहस्थाच्या मिळकतीवर नभोवाणी कायमची चालत नाही. काही वर्षांनी म्हैसूर संस्थानाने केंद्र आपल्याकडे घेतले, आणि १९५५ साली ते बंगळूरला आले. एका प्राध्यापकाच्या घरातील हौस अशा रीतीने राज्याच्या राजधानीतील संस्था झाली.

सरकारी छत्राखाली शास्त्रीय संगीत, शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम, श्रुतिका यांना निश्चित जागा मिळाली, हे कोणी नाकारू नये. परंतु खर्चाचा प्रश्न सरकारलाही सुटला नाही. १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर येथे विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. म्हणजे जाहिरात खासगी मालकाने आणली असे नव्हे. ती प्रथम सरकारी दारानेच आत आली.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला आणि खासगी केंद्रांचा मार्ग मोकळा झाला. पहिले पाऊल बंगळूरने टाकले: ३ जुलै २००१ रोजी रेडिओ सिटी हे देशातील पहिले खासगी एफ. एम. केंद्र येथे सुरू झाले. शहराला ते नवे व टवटवीत वाटले. कन्नड, हिंदी, इंग्रजी अशा भाषा त्यावर सहज एकमेकींत मिसळत. पण परवान्याची अट कठोर होती. लिलावात बोललेली रक्कम दरवर्षी भरावयाची आणि तीत प्रतिवर्षी १५ टक्के वाढ! उत्पन्न वाढो वा न वाढो, शुल्क वाढणारच. ४० शहरांतील १०८ लहरी लिलावात निघाल्या होत्या. त्यांतील एक चतुर्थांशही प्रत्यक्षात उतरल्या नाहीत.

अशा अटीखाली चालकाने काय करावे? जाहिरातीचा दर श्रोत्यांच्या संख्येवर ठरतो. म्हणून प्रत्येकजण सर्वांत मोठ्या घोळक्याकडे धावतो, आणि चार केंद्रे असली तरी चारही तीच चित्रपटगीते वाजवितात. बातम्या देण्यास बंदी असल्यामुळे वेगळेपणाचा आणखी एक मार्ग मुळातच बंद. याला केवळ लोभ म्हणणे आम्हांस न्याय्य वाटत नाही.

२००५ साली नियम बदलले. प्रवेशशुल्क एकदाच घ्यावे व नंतर उत्पन्नाच्या सुमारे ४ टक्के हिस्सा घ्यावा, असे ठरले. पुढील वर्षी बंगळुरात एकामागून एक केंद्रे निघाली. त्यांत पाश्चात्त्य संगीताला वाहिलेले रेडिओ इंडिगोही होते. ओझे हलके झाल्यावर लहान श्रोतृवर्गाकडेही कोणी वळून पाहू शकते, याचे हे उदाहरण मानता येईल.

याच्या उलट वर्ल्डस्पेसचा अनुभव. उपग्रहावरून प्रक्षेपण करणाऱ्या या कंपनीच्या 'गंधर्व' व 'श्रुती' या वाहिन्या अनुक्रमे हिंदुस्थानी व कर्नाटक संगीताला वाहिलेल्या होत्या. श्रोते वर्गणी भरत, मनापासून ऐकत. पण उपग्रहांचा अवाढव्य खर्च वर्गणीने भागेना, आणि २००९ च्या अखेरीस भारतातील सेवा बंद पडली. दर्जा होता, पैसे देणारे रसिकही होते; तरी संस्था टिकली नाही.

यावरून बाजार सर्व काही करील असे मात्र आम्ही म्हणणार नाही. शास्त्रीय संगीताची 'अमृतवर्षिणी' ही स्वतंत्र वाहिनी बंगळुरात काढली ती आकाशवाणीनेच; नफ्याच्या हिशोबात न बसणाऱ्या गोष्टींचा भार लोकांनी सरकारमार्फत उचलावा लागतो. उरलेल्या क्षेत्रात मात्र चालकाला सचोटीचा उपदेश करण्याआधी त्याला दिलेल्या परवान्याची अट वाचावी. तो मसुदा कोणत्या तरी कार्यालयात, आपल्यासारख्याच कोणाच्या लेखणीतून उतरलेला असतो. एका टक्केवारीने खजिन्यात किती भर पडेल हे आपण तेथे काळजीपूर्वक मांडतो. तिच्यापायी शहराला काय ऐकावयास मिळणार नाही, हेही त्याच टिपणात एका ओळीने नोंदवावयास हवे.