मागच्या दिव्याची वाटणी

फोक्सवॅगनच्या जुन्या बसचं वय ओळखायला पुढे जाऊन नाक बघायची गरज नसते. मागचा दिवा पाहिला की पुरतं. लहानसा, एका बल्बचा दिवा असेल तर गाडी १९६१ च्या मॉडेलपर्यंतची. दोन कप्प्यांचा उभट लंबगोल असेल तर १९६२ ते १९७१. आणि कोपऱ्यात उंच चढलेला, चौकोनी, रिव्हर्सचा पांढरा कप्पाही पोटात घेतलेला असेल तर १९७२ किंवा त्यापुढची. जुन्या बस नव्याने उभ्या करणाऱ्या मंडळींचा एक कायमचा प्रश्न या तीन दिव्यांभोवती फिरतो: ह्या सालच्या गाडीला त्या सालचा दिवा लागेल का?

१९७१ च्या गाडीला १९७२ चा दिवा लावायचा तर काम पत्र्याचं आहे. भोक वेगळं, कोपऱ्याची घडण वेगळी. कापा, जोडा, घासा, रंगवा. वायरिंग मात्र निमूटपणे जुळतं. करडी तार पार्किंगची, काळी-लाल ब्रेकची, काळी-पांढरी डाव्या इंडिकेटरची, काळी-हिरवी उजव्याची, तपकिरी अर्थची. रिव्हर्सची तेवढी तार आधीच्या सुट्या दिव्याकडून वर आणायची. अर्ध्या तासाचं काम.

खरी गंमत एक पायरी मागे आहे. अमेरिकेत विकली गेलेली १९६० ची बस घ्या आणि तिला १९६२ चा दोन कप्प्यांचा दिवा लावायला बसा. दिव्यात दोन बल्ब, मिळून तीन फिलामेंट: पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर. गाडीच्या कोपऱ्यातून बाहेर येतात त्या कामाच्या तारा मात्र दोनच. तिसरी कुठेतरी तुटून पत्र्याआड पडली असेल म्हणून लोक आतलं अस्तर काढतात, टेस्ट लॅम्प घेऊन तासन्‌तास शोधत बसतात. ती सापडत नाही, कारण ती कधी टाकलेलीच नव्हती. त्या बसमध्ये ब्रेक आणि इंडिकेटर एकाच फिलामेंटवर नांदत होते. ह्या न टाकलेल्या तारेने मला वेड लावलं आणि तिच्या मागे जाता जाता मी मोटारीतून बाहेर येणाऱ्या एका हातापाशी पोचलो.

बसचा बाकीचा इतिहास अनेकांना तोंडपाठ आहे. बेन पोन या डच विक्रेत्याने १९४७ मध्ये वहीत काढलेलं चित्र, १९५० मध्ये वोल्फ्सबुर्गला सुरू झालेलं उत्पादन, १९५६ पासून हॅनोव्हरचा कारखाना, आणि ब्राझीलमध्ये २०१३ पर्यंत तग धरून राहिलेली कोंबी. आपल्याकडच्या वाचकासाठी एक पोटगोष्ट जोडतो. ज्या मॅटाडोरला आपण आकुर्डीची समजतो, तिचं मूळ हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीत आहे. आणि १९४९ ची पहिली जर्मन मॅटाडोर चक्क फोक्सवॅगनच्या इंजिनावर धावत होती. स्वतःची बस बाजारात आल्यावर फोक्सवॅगनने इंजिनं देणं थांबवलं. असो.

आता तो हात. १९२८ मध्ये बॉशने मोटारींसाठी ‘विंकर’ बाजारात आणला. दोन दारांमधल्या खांबात एक अरुंद खाच, तिच्यात मिटून बसलेली वीतभर पट्टी. चालकाने स्विच फिरवला की आतलं सोलेनॉइड पट्टीला उचलून आडवं करतं आणि तिच्या पोटातला बल्ब नारिंगी उजेड देतो. लुकलुकत नाही, नुसता बाहेर येऊन उभा राहतो. रेल्वेच्या सिग्नलचा हा धाकटा भाऊ. इंग्लंडात ह्यालाच ट्रॅफिकेटर म्हणत; आपल्याकडे जुन्या मॉरिस मायनरमध्ये तो पाहिलेले लोक अजून भेटतात. थंडीत गोठायचा, गंजून अडकायचा, दार उघडं असताना बाहेर राहिला तर मोडायचा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तरीही युरोपात विकली जाणारी फोक्सवॅगन बस १९६० पर्यंत हेच हात हलवत राहिली.

मुद्दा यंत्राचा नाही, तारांचा आहे. हा हात गाडीच्या कुशीत होता, त्यामुळे त्याचा स्विच स्वतंत्र, तारा स्वतंत्र, मागच्या दिव्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. ब्रेकचा दिवा मागे आपला आपण जळत होता. सुरुवातीच्या बसमध्ये तर तो एकटाच मधोमध, नंबरप्लेटच्या वर बसलेला. म्हणजे दिशा दाखवणं आणि थांबणं ही दोन कामं युरोपच्या वायरिंगमध्ये जन्मापासून वेगळ्या घरांत राहिली.

अमेरिकेत तो हात रुजलाच नाही. तिथला चालक खिडकीतून स्वतःचा हात काढायचा. चित्रपटातली नटी फ्लॉरेन्स लॉरेन्स हिने १९१४ च्या सुमाराला गाडीला इशारा देणारा हात बसवला होता असं सांगतात आणि इंडिकेटरच्या प्रत्येक इतिहासात तिचा फोटो असतो. गोष्ट छान आहे, पण त्या हातापासून पुढे वंश चाललेला नाही. खरी सुरुवात ब्यूइकची. १९३९ मध्ये तिने मागच्या बाजूला लुकलुकणारा दिशादर्शक दिला, आणि तो डिकीवरच्या चिन्हात, स्वतंत्र होता. पुढच्याच वर्षी तो पुढेही आला.

मग ब्रेक आणि इंडिकेटरची ही एकाच फिलामेंटवरची भागीदारी आली कुठून? माझा तर्क असा की ती जुन्या गाड्यांवर नंतर बसवायच्या जोडसामानातून आली. ब्यूइक नवी घेणारे थोडे, रस्त्यावर आधीपासून धावणाऱ्या गाड्या लाखो. अशा गाडीला इंडिकेटर हवा तर काय करायचं? स्टिअरिंगच्या दांड्याला पट्ट्याने आवळायचा एक स्विच घ्यायचा. मागे नवा दिवा लावायचा तर पत्रा फोडा, तार ओढा. त्यापेक्षा मागे जो एक तेजस्वी फिलामेंट आहेच, ब्रेकचा, तोच वापरा. ब्रेकची तार मध्येच तोडून स्विचमध्ये आणायची. दांडी सरळ असेल तर स्विच तो प्रवाह दोन्ही कोपऱ्यांना देतो. दांडी डावीकडे केली की डावा कोपरा ब्रेकपासून सुटतो आणि दिवा लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरला जोडला जातो. उजवा ब्रेकवर तसाच राहतो. वळता वळता पाय दाबला तर एक दिवा स्थिर, एक लुकलुकता. अगदी हुशार काम, आणि ब्रेकची तार ज्याच्या पोटातून जाते असा सिग्नल-स्टॅट कंपनीचा ‘९००’ क्रमांकाचा सात तारांचा स्विच अमेरिकन ट्रकवाले अजूनही स्टिअरिंगला आवळतात. माझ्या मते कारखान्यांनी पुढे हीच जोडणी जशीच्या तशी उचलली.

याला उत्तर म्हणून लगेच काटकसरीचा सिद्धांत पुढे येतो: एक बल्ब वाचला, दोन तारा वाचल्या, कंपनीने पैसे वाचवले. मला तो पटत नाही. १९६५ ची फोर्ड थंडरबर्ड बघा. तिच्या मागे दोन्ही बाजूंना तीन-तीन दिवे, आणि वळताना ते आतून बाहेर एकामागून एक पेटतात. त्यासाठी फोर्डने डिकीत विजेची एक मोटर आणि तिच्यावर फिरणारे कॅम बसवले. एवढा पसारा केला, पण ब्रेक आणि इंडिकेटर वेगळे केले नाहीत. तेच सहा लाल दिवे दोन्ही कामं करत राहिले. पैसे वाचवणारा माणूस मोटर बसवत नाही. ही सवय होती.

दुसरा सिद्धांत कायद्याचा. अमेरिकेचं दिव्यांविषयीचं १०८ क्रमांकाचं मानक १९६८ पासून लागू झालं, आणि त्यात मागचा इंडिकेटर लाल किंवा नारिंगी, कसाही चालतो. पण तोवर भागीदारी कित्येक वर्षं मुरलेली होती. कायद्याने फक्त तिच्यावर शिक्का मारला. (२००९ च्या तिथल्याच सरकारी अभ्यासात नारिंगी इंडिकेटरमुळे मागून बसणाऱ्या धडका सुमारे पाच टक्के कमी होतात असं निघालं. तरी लाल चालूच आहे.)

माझ्या तर्काला खरा धक्का देतात ते इंग्रज. त्यांच्याकडे ट्रॅफिकेटर होता. म्हणजे माझ्या हिशेबाने त्यांचे इंडिकेटर पहिल्यापासून सुटे हवेत. पण ऑस्टिन-हीली आणि सुरुवातीची एमजीए उघडा: आत लुकासची ‘डीबी१०’ नावाची रिलेची पेटी बसलेली दिसते, आणि तिचं काम एकच, वळताना ब्रेकच्या फिलामेंटला लुकलुकायला लावायचं. बरेच दिवस हा पुरावा माझ्या घशात अडकून होता. मग लक्षात आलं की ह्या गाड्या कोणासाठी बनत होत्या. ऑस्टिन-हीली मुख्यतः अमेरिकेत खपत होती. गिऱ्हाइकाच्या घरची रीत गाडीने उचलली. फोक्सवॅगननेही तेच केलं: १९५५ पासून अमेरिकेला जाणाऱ्या बसला हाताऐवजी इंडिकेटर दिले आणि मागे ब्रेकच्या फिलामेंटवर दोघांना बसवलं.

युनिमॉगसारख्या जर्मन गाड्यांतही अशी जोडणी होती, हे कोणी दाखवून देईल. खरं आहे. पण तिथेही नवा दिवा लावायला जागा नसलेल्या कामकरी गाडीवर ती आली, हे माझ्याच बाजूचं आहे. उलट ज्यांनी हात काढून त्याच्या जागी दिवा ठेवला त्यांच्याकडे पाहा. सिट्रोएनच्या २सीव्हीचे इंडिकेटर छताजवळच्या मागच्या खांबावर होते, पुढून-मागून दोन्हीकडून दिसणारे. त्याच कंपनीच्या डीएसचे छताच्या कोपऱ्यात. हात गेला, त्याची बाजू राहिली, त्याचा नारिंगी रंगही राहिला.

१९६२ ला फोक्सवॅगनने दोन कप्प्यांचा दिवा आणला तेव्हा वाटणी झाली. अमेरिकेला जाणाऱ्या बसचं भिंग पूर्ण लालच ठेवलं, पण आतल्या तारा वेगळ्या केल्या. म्हणूनच १९६२ नंतरच्या अमेरिकन बसला युरोपचं नारिंगी-लाल भिंग लावायला स्क्रू-ड्रायव्हर पुरतो.

आता आपल्या १९६० च्या बसकडे. तिच्यात नवा दिवा चालवायला तीन तारा ओढायची गरज नाही, एकच पुरते, आणि ती कुठली हे कळायला वरचा इतिहास माहीत असावा लागतो. ब्रेकचा स्विच पुढे मास्टर सिलिंडरवर असतो. तिथून तार स्टिअरिंगखालच्या स्विचकडे चढते. ती तिथून सोडवायची आणि थेट मागे नेऊन दोन्ही कोपऱ्यांना वाटायची. ज्या दोन तारा इतके दिवस दोघांचं ओझं वाहत होत्या त्या आता निव्वळ इंडिकेटरच्या होतात. भागीदारीसाठी बनवलेला फ्लॅशर काढून साधा बसवायचा, आणि बल्ब ६ व्होल्टचेच घ्यायचे, कारण अमेरिकन बसला १२ व्होल्ट १९६७ च्या मॉडेलपासून आले. ब्रेक-पार्किंगचा डबल कॉन्टॅक्ट बल्ब उलटा बसवायची भीती नको. त्याच्या दोन खुंट्या मुद्दाम खालीवर ठेवलेल्या असतात.

उलट दिशेचं काम, म्हणजे सुट्या तारांवरून एकत्र दिवा चालवणं, जास्त अवघड आहे. नुसत्या तारा एकत्र पिळल्या तर ब्रेक दाबताच इंडिकेटर बुडून जातो. अमेरिकेत परदेशी गाडीमागे ट्रेलर जोडणाऱ्यांना हे रोज भेटतं, कारण तिथल्या ट्रेलरच्या चार तारांच्या प्लगमध्ये भागीदारी अजून जिवंत आहे. त्यासाठी एक छोटी डबी मिळते. काही डब्यांचं तर्कशास्त्र मजेदार असतं: ब्रेक आणि इंडिकेटर यांपैकी एकच चालू असेल तर दिवा लागतो, दोन्ही एकदम आले तर विझतो. त्यामुळे पाय ब्रेकवर असताना ट्रेलरचा दिवा डॅशबोर्डवरच्या बाणाच्या बरोब्बर उलट्या तालात लुकलुकतो.

आणि हे सगळं करताना तपकिरी तारेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. जर्मन गाडीत ती अर्थ, म्हणजे डीआयएन ७२५५२ या मानकातला ३१ क्रमांक. लुकासच्या इंग्रजी पद्धतीत तीच तपकिरी बॅटरीवरून थेट येते, चावी बंद असली तरी जिवंत. अमेरिकन ट्रेलरच्या प्लगमध्ये ती पार्किंगची. युरोपच्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये ती फक्त उजव्या बाजूच्या पार्किंगची, आणि अर्थ तिथे पांढरा. उजवं-डावं पार्किंग वेगळं का, तर जर्मनीत अंधाऱ्या रस्त्यावर गाडी लावताना रहदारीच्या बाजूचाच दिवा चालू ठेवायची सोय असते. म्हणून बसमध्येही डाव्या पार्किंगची तार करडी-काळी आणि उजव्याची करडी-लाल, दोघांना वेगळे फ्यूज. रंगापेक्षा आकडा बरा. आपल्या कुठल्याही गॅरेजमधल्या रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ हे आकडे कोरलेले असतात, ते त्याच जर्मन मानकातले. बसच्या मागच्या दिव्यापाशी पोचलात की ५४ म्हणजे ब्रेक, ५८ म्हणजे पार्किंग, आणि फ्लॅशरवर ४९अ लिहिलेल्या टोकाला जी तार दिसेल तिथून इंडिकेटरचं वेगळं घर सुरू होतं.