दासविक्रयबंदी आणि महारवतन

क्लार्कसननें बंदरोबंदरीं हिंडून मिळविलेला पुरावा व विल्बरफोर्सचे पार्लमेंटांतील प्रयत्न यांस यश येऊन १८०७ सालीं इंग्रजांचा गुलामांचा व्यापार बंद झाला. १८३३ च्या दास्यविमोचनाच्या कायद्यांतून मात्र कंपनीचा मुलूख वगळला गेला. हिंदुस्थानांत १८४३ च्या पांचव्या कायद्यानें गुलामावरील मालकीहक्काची दाद कोर्टांत लागेनाशी झाली. पेशवे दप्तरांतील कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी ज्यांनीं पाहिल्या आहेत, त्यांस या कायद्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

परंतु जेथें खरेदीखतच नाहीं, तेथें हा कायदा काय करणार? महारवतनांत जमिनीच्या तुकड्यापायीं सबंध कुळ पिढ्यान्‌पिढ्या सरकारच्या व गांवच्या कामास बांधलें जाई. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेंतील दास्यविमोचकांस अर्पण केला, तो इकडील दास्याचें तिकडील दास्याशीं असलेलें नातें ओळखूनच होय.

करवीर संस्थानांत शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं महारवतनें रद्द करून जमिनी रयतावा केल्या. पुढें मार्च १९२० मध्यें माणगांवीं डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं अस्पृश्यांची परिषद भरली, तींत महाराज जातीनें हजर होते. कबनूर व माणगांव हीं दोन्ही गांवें आज हातकणंगले तालुक्यांतच आहेत. आंबेडकरांनीं १९२८ सालीं मुंबई कायदेमंडळांत वतनसुधारणेचें बिल आणलें. मुंबई राज्यांत कनिष्ठ ग्रामवतनें रद्द होण्यास १९५८ चा कायदा व्हावा लागला.

यास्तव आमच्या मतें महाराष्ट्रांतील दास्यविमोचनाचा इतिहास १८४३ पाशीं थांबवितां येत नाहीं.