पोर्ट-रॉयलच्या शाळा

सतराव्या शतकात फ्रान्समधील जॅन्सेनिस्ट विचारांच्या कॅथलिक धर्मसाधकांनी मुलांकरिता चालविलेल्या खाजगी निवासी शाळा. फ्रेंचमध्ये त्यांना ‘लहान शाळा’ या अर्थाचे नाव होते. विद्यापीठीय महाविद्यालयांशी वा जेझुइटांच्या विद्यालयांशी आपली स्पर्धा नाही, असे त्यातून सूचित होई. त्यांचा कार्यकाल सु. १६३७ ते १६६० असा जेमतेम दोन तपांचा असून विद्यार्थिसंख्या एका वेळी पन्नासांच्या वर कधी गेली नाही. तथापि शिक्षणशास्त्र, व्याकरण व तर्कशास्त्र यांच्या इतिहासात या शाळांना त्यांच्या आकारमानाशी विसंगत वाटावे इतके महत्त्व प्राप्त झाले.

पॅरिसच्या नैर्ऋत्येस शव्ह्‌रझच्या खोऱ्यात १२०४ मध्ये स्थापन झालेला पोर्ट-रॉयल हा सिस्टर्शियन जोगिणींचा मठ. आंझेलिक आर्नो (१५९१–१६६१) या तरुण मठाध्यक्षेने १६०९ मध्ये तेथे कडक शिस्त पुन्हा प्रस्थापित केली. पुढे सँ-सीराँचा मठाधिपती झां द्यूव्हेर्झिए द ओरान (१५८१–१६४३) हा मठाचा आध्यात्मिक मार्गदर्शक झाला. त्याच्या प्रभावाखाली काही विद्वान वकील, धर्मोपदेशक व सरदार ऐहिक व्यवसाय सोडून मठाच्या परिसरात एकांतवासात राहू लागले. तेच या शाळांचे शिक्षक होत. कार्डिनल रीशल्य याने १६३८ मध्ये सँ-सीराँला व्हॅन्सेनच्या किल्ल्यात कैदेत टाकले. रीशल्यच्या मृत्यूनंतर १६४३ मध्ये त्याची सुटका झाली. पण त्याच वर्षी तो मरण पावला. अशा परिस्थितीतही शाळांचे काम चालू राहिले. सु. १६४६ मध्ये पॅरिसमध्ये त्यांना व्यवस्थित स्वरूप आले आणि १६५० नंतर त्या ग्रांझ, शने इ. ग्रामीण ठिकाणी विखुरल्या.

या शिक्षणाचा पाया धार्मिक होता. मनुष्यस्वभाव आदिपापाने दूषित झाला असून बाप्तिस्म्याने मुलास लाभलेले निष्पापत्व अत्यंत नाजूक असते, अशी सँ-सीराँची श्रद्धा होती. त्यामुळे मुलावर अखंड देखरेख हवी. परंतु ती वात्सल्याची हवी, धाकाची नको, असे तो मानी. शिक्षकाने मुलांना उपदेश कमी करावा व त्यांच्या दोषांबाबत सहनशील असावे, अशी त्याची अपेक्षा असे. मानवी स्वभावाविषयीच्या इतक्या कठोर सिद्धांतातून इतकी सौम्य शिक्षणपद्धती निर्माण व्हावी, हे या शाळांचे वैशिष्ट्य होय.

विद्यार्थिजीवन : एका शिक्षकाकडे पाच-सहा मुले सोपविली जात. शिक्षक त्यांच्याच खोलीत निजे आणि सर्वांच्या खाटा त्याच्या नजरेच्या टप्प्यात असत. प्रत्येक मुलाचे मेज स्वतंत्र असे. दिवसाचा आरंभ व शेवट प्रार्थनेने होई. मुलांनी परस्परांना एकेरी संबोधू नये, असा नियम होता. हवा चांगली असल्यास बागेत झाडांखाली पाठ होत. सुटीच्या वेळी मोकळ्या हवेतील खेळांना व पटावरील खेळांना मुभा असे. शारीरिक शिक्षा हा अगदी अखेरचा उपाय मानला जाई. न सुधारणाऱ्या मुलास शिक्षा करण्यापेक्षा पालकांकडे परत पाठविणे पसंत केले जाई. मुलींचे शिक्षण स्वतंत्रपणे मठात जोगिणींकडे होते. तेथील नियमावली ब्लेझ पास्कालची बहीण झाकलीन (१६२५–६१) हिने लिहिली असून तीत मौन व प्रार्थना यांवर अधिक भर दिसतो.

अध्यापन : तत्कालीन फ्रान्समध्ये मूल लॅटिनमधून अक्षरओळख करून घेई व लॅटिनचे व्याकरणही लॅटिनमधूनच पाठ करी. ज्या भाषेचे ज्ञान द्यावयाचे, तीच माध्यम म्हणून वापरणे तर्कविसंगत आहे, असे पोर्ट-रॉयलच्या शिक्षकांचे मत होते. त्यांनी मुलांना प्रथम फ्रेंच वाचावयास शिकविले. अक्षराचे रूढ नाव न सांगता शब्दात होणारा त्याचा उच्चार शिकवावा, ही वाचनाची रीत पास्कालने सुचविली. क्लोद लांस्लो (सु. १६१५–९५) याने लॅटिन (१६४४) व ग्रीक (१६५५) भाषांची नवी पाठ्यपुस्तके तयार केली. त्यांतील नियम फ्रेंचमध्ये होते. लॅटिन रचनेचा सराव करण्यापूर्वी लॅटिनमधून फ्रेंचमध्ये भाषांतर करावे आणि ग्रीक ही लॅटिनच्या मध्यस्थीवाचून शिकावी, असा क्रम होता. अभिजात नाटककारांच्या संहिता अश्लील भाग गाळून अभ्यासास दिल्या जात. मोठे विद्यार्थी तर्कशास्त्रादी विषयांसाठी पॅरिसच्या महाविद्यालयांत जात. या अर्थाने या शाळांचे स्वरूप पूर्वतयारीच्या शाळांचे होते.

जेझुइट विद्यालयांशी असलेला भेद मुख्यतः प्रेरणेच्या प्रश्नावर होता. जेझुइटांकडे बक्षिसे, वर्गातील प्रतिस्पर्धी गट, जाहीर वादविवाद आणि नाट्यप्रयोग यांच्या साहाय्याने विद्यार्थ्यांत ईर्षा जागविली जाई. पोर्ट-रॉयलने हे सर्व गर्वाचे पोषण करणारे म्हणून वर्ज्य केले. या निर्णयाची किंमत त्यांच्याच मित्रवर्तुळात ओळखली गेली होती. स्पर्धेची व कीर्तीची टोचणी नसल्याने येथील मुले उदासीन होतात, असे निरीक्षण पास्कालने नोंदविले आहे. स्पर्धेवाचून अभ्यासाची गोडी कशी लावावी, हा प्रश्न येथे स्पष्टपणे मांडला गेला. त्याचे समाधानकारक उत्तर मात्र मिळाले नाही.

शाळांचा सर्वांत विख्यात विद्यार्थी म्हणजे नाटककार झां रासीन (१६३९–९९). लहानपणीच आईबाप गमावलेला हा मुलगा १६५५ ते १६५८ या काळात येथे शिकला. ग्रीक शोकात्मिकांचा मूळ भाषेतून परिचय त्याला येथेच झाला. त्याच्या हातात सापडलेली ग्रीक प्रेमकथा लांस्लोने दोनदा जाळली, तेव्हा तिसरी प्रत मुखोद्गत करून ती त्याने स्वतःच गुरूच्या स्वाधीन केली, अशी आख्यायिका आहे. नाट्यलेखन हे आत्म्यांस विषप्रयोग करण्यासारखे आहे, असे माजी शिक्षक प्येर नीकॉल (१६२५–९५) याने लिहिल्यावर रासीनने १६६६ मध्ये त्याला बोचरे उत्तर दिले. पुढे समेट झाला. रासीनने पोर्ट-रॉयलचा संक्षिप्त इतिहास लिहिला व मृत्यूनंतर आपल्या इच्छेनुसार तो तेथेच पुरला गेला. इतिहासकार ल नँ द तियमाँ (१६३७–९८) हाही येथलाच विद्यार्थी. त्याच्या काटेकोर साधनचिकित्सेचा उपयोग पुढे एडवर्ड गिबनने करून घेतला.

पोपने १६५३ मध्ये जॅन्सेनच्या मतांशी निगडित पाच विधाने पाखंडी ठरविली. १६५६ मध्ये आंत्वान आर्नोची (१६१२–९४) सॉरबॉनमधून हकालपट्टी झाली आणि पास्कालने जेझुइटांवर टीका करणारी आपली पत्रे प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्याच वर्षी ग्रांझ येथील मुलांना पांगविण्यात आले. चौदाव्या लुईच्या आदेशाने १६६० मध्ये उरलेल्या शाळाही बंद झाल्या. शिकविण्यातील काही उणीव हे त्याचे कारण नव्हते. राजसत्तेच्या व चर्चच्या नियंत्रणाबाहेर मुलांची मने घडविणारे केंद्र असणे, हेच धोक्याचे वाटले. १७०९ मध्ये जोगिणींना मठातून हलविण्यात आले व पुढील काही वर्षांत मठ जमीनदोस्त झाला. रासीनचे अवशेष १७११ मध्ये पॅरिसमधील सँत-एत्येन-द्यू-माँ या चर्चमध्ये नेण्यात आले.

शाळा बंद झाल्या, तरी त्यांचे वर्ग पुस्तकांच्या रूपाने टिकले. आर्नो व लांस्लो यांचे सर्वसामान्य व्याकरण (१६६०) आणि आर्नो व नीकॉल यांचे तर्कशास्त्र (१६६२) हे ग्रंथ याच परंपरेचे फळ होत. नोम चॉम्स्कीने १९६६ मध्ये या व्याकरणाकडे अभ्यासकांचे पुन्हा लक्ष वेधले. मातृभाषेतून आरंभ, लहान वर्ग, पाठांतराआधी आकलन आणि शिक्षेऐवजी सहवास ही तत्त्वे पुढील काळात स्वतंत्रपणे मान्यता पावली. पोर्ट-रॉयलच्या शिक्षकांचा उद्देश मात्र शिक्षणसुधारणेचा नव्हता, तर सोपविलेल्या मुलांचे आत्मे जपण्याचा होता. त्या हेतूच्या ओघातच त्यांच्या हातून ही सुधारणा घडली.