दोन हजार वर्षं की चारशे? इफुगावच्या खाचरांतले पाच दिवस



बरेच दिवस पानावर काही लिहिलं नव्हतं. जानेवारीत आपल्याकडची भाताची कामं उरकली, तेव्हा मी फिलिपिन्सला जाऊन आलो. पुतण्या तिकडं डॉक्टरकी शिकतोय. त्याला चार दिवस सुट्टी होती, तर म्हणाला, "काका, समुद्र बघायचा का डोंगर?" मी म्हणालो, "भात बघायचं."

म्हणून आम्ही मनिलाहून रात्रीच्या बसनं निघालो आणि नऊ-दहा तासांनी लुझॉन बेटाच्या उत्तरेला, कॉर्डिलेरा डोंगरात, बनावे गावात उतरलो. हा इफुगाव लोकांचा मुलूख. इफुगाव म्हणजे तिथले मूळचे डोंगरी लोक. त्यांची डोंगरउतारावरची भातखाचरं जगभर प्रसिद्ध आहेत. त्यांच्या २० पेसोच्या नोटेच्या मागच्या बाजूला हीच खाचरं छापलेली आहेत. नोटेवर भातखाचर! मी ती नोट खर्च केली नाही, घेऊन आलोय.

पाच दिवस गावचाच एक तिशीतला गाईड बरोबर होता. माझं इंग्रजी बेताचं, त्यामुळं मधे पुतण्या दुभाष्या. त्या पाच दिवसांत जे बघितलं आणि ऐकलं ते लिहितो. थोडं लांबेल, पण शेवटी माझ्या पडलेल्या तालीशी त्याचा संबंध आहे.

पहिला दिवस बनावेतच. समोरच्या डोंगराला तळापासून पार वरपर्यंत पायऱ्या. प्रत्येक पायरीत पाणी भरलेलं. गाईड म्हणाला, "दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत." हाच आकडा सगळीकडं ऐकू येतो. मीही मान डोलावली.

नंतर समजलं की या आकड्यालाही इतिहास आहे. १९०५ मध्ये हेन्री ओटली बेयर नावाचा अमेरिकन माणूस फिलिपिन्सला आला, इफुगावांच्यात राहिला आणि पुढं तिथला मोठा मानववंशशास्त्रज्ञ झाला. त्यानं हिशोब मांडला तो असा: एवढे डोंगर, एवढ्या भिंती, सगळं काम हातानं, तर हे उभं करायला दोन ते तीन हजार वर्षं लागली असणार. म्हणजे कोळसा तपासून किंवा खोदकाम करून काढलेला हा आकडा नव्हता. कामाचा अंदाज होता. पण तो शाळेच्या पुस्तकांत गेला, पाट्यांवर गेला आणि पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी रस्ता संपेपर्यंत जीपनं गेलो आणि तिथून पुला नावाच्या वस्तीवरून कांबुलोपर्यंत पायी. वाट बहुतेक खाचरांच्या बांधावरूनच जाते. एका बाजूला गुडघाभर चिखल, दुसऱ्या बाजूला दोन-तीन माणसं उंचीचा कडा. गाईड चपलेवर चालत होता. मी बूट घालून बांधावर बसत बसत गेलो, हे कबूल करतो.

चालता चालता शेतकऱ्याच्या नजरेला जे दिसलं ते असं. कुठं भिंती दगडाच्या, कुठं मातीच्या. दगडी भिंतीत चुना नाही, सिमेंट नाही. आपल्या तालीसारखीच कोरडी रचाई. भिंतीमागं आधी मोठा दगड-खडी, मग मुरमाड माती आणि सगळ्यात वर काळा चिखल. वरच्या खाचरातलं जास्तीचं पाणी ठरलेल्या जागेवरूनच खालच्यात उतरतं. उताराच्या खाचरांत औत जात नाही. सगळी चिखलणी पायानं आणि लाकडी फावड्यानं.

आणि एक गोष्ट आपल्याहून अगदी वेगळी: त्यांची खाचरं बारा महिने पाण्यानं भरलेली असतात. मी विचारलं, "कापणीनंतर वाळू का देत नाही?" गाईड म्हणाला, "वाळलं की भेगा पडतात. भेग पडली की पुढच्या पावसात पाणी तिच्यातून भिंतीच्या मागं उतरतं आणि भिंत पोट काढते. मग एका रात्रीत जाते." पोट काढते, हा शब्द पुतण्यानं आपल्याकडचा वापरला, पण गाईडनं हातानं दाखवलं तेही तसंच होतं. माझी ताल दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये अशीच गेली.

हे पाणी येतं कुठून? खाचरांच्या वर प्रत्येक कुटुंबाचं राखलेलं जंगल असतं. त्याला ते मुयोंग म्हणतात. त्यातून सरपण, घराचं लाकूड, वेत मिळतो आणि झरा टिकतो. आपल्या भीमाशंकरकडं देवराया आहेत, तिथं कुऱ्हाड लावत नाहीत. मुयोंगमध्ये कुऱ्हाड चालते, पण मालकाची, निवडून. तिथं झाड देवाच्या धाकानं राहत नाही, खालच्या खाचराच्या गरजेनं राहतं. वरचं रान गेलं तर खालचं भात गेलं, हे तिथल्या पोरालाही माहीत आहे.

कांबुलोत मुक्काम केला त्या घरातली आजी सत्तरीच्या पुढची. सकाळी ती रोपं उपटत होती, आवणीचे दिवस होते. त्यांच्या जुन्या भाताला तिनावोन म्हणतात. अर्थ सरळ आहे, वर्षातून एकदा येणारं. नोव्हेंबर-डिसेंबरात पेरायचं, जानेवारी-फेब्रुवारीत आवणी, जून-जुलैत कापणी. कापणी एकेक लोंबी छोट्या सुरीनं खुडून करतात आणि कापणीआधी बियाण्याच्या लोंब्या बायाच निवडतात. मला आमच्या आईची आठवण झाली. आंबेमोहोराच्या लोंब्या ती अशाच वेगळ्या काढून आढ्याला बांधायची. आता आमच्याकडं इंद्रायणीचं पिशवीतलं बी येतं.

आजीच्या खाचरात रोपांच्या बुडाशी गुलाबी अंड्यांचे घोस दिसले. ही सोनेरी गोगलगाय. १९८० च्या दशकात खाण्यासाठी म्हणून ही दक्षिण अमेरिकेतली गोगलगाय फिलिपिन्समध्ये आणली. लोकांनी ती फारशी खाल्ली नाही, तिनं मात्र कोवळं भात खाल्लं. आजी अंडी हातानं चिरडत पुढं जात होती. कृषीवाल्या मित्रांनो, परक्या जिवाचं आमिष कुणी दाखवलं तर हे चित्र डोळ्यांपुढं ठेवा.

रोपं उपटता उपटता आजीनं पुतण्यामार्फत मला विचारलं, "तुमच्याकडंही खाचरं आहेत म्हणता. किती जुनी?"

मला उत्तर देता आलं नाही. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, आयुष्य खाचरात गेलं, पण हे कधी कुणाला विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बटाड. इथं खाचरं अर्धगोल आहेत, जणू डोंगरानं ओंजळ केली आहे आणि तळाशी गाव आहे. युनेस्कोनं १९९५ मध्ये इफुगावमधले पाच समूह जागतिक वारशाच्या यादीत घेतले: बटाड, बांगान, मायोयाव, हुंगदुआन आणि नागाकादान. पण २००१ मध्ये तीच खाचरं धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेली, कारण पाव हिश्शाहून जास्त पडीक होती आणि भिंती ढासळत होत्या. त्या यादीतून ती बाहेर आली २०१२ मध्ये.

पडीक का पडली, ते संध्याकाळी गाईडनं स्वतःच्या घरावरून सांगितलं. इफुगाव रिवाजात खाचर तोडून वाटत नाहीत. थोरल्या अपत्याला जातं, मग तो मुलगा असो की मुलगी. त्यामुळं तुकडे होत नाहीत, ही चांगली गोष्ट. त्याच्या घरी खाचरं थोरल्या बहिणीला गेली. ती बागियो शहरात नोकरीला आहे. हा तिसरा, त्याच्या वाट्याला काही नाही, म्हणून तो गाईड झाला आणि बहिणीची खाचरं वाट्यानं करतो. "पाहुण्यांबरोबर चार दिवस चाललो की जे मिळतं," तो म्हणाला, "ते भातात वर्षभर मिळत नाही. पण भात सोडलं तर पाहुणे बघायला काय येतील?"

यावर मी काय बोलणार? आमच्याकडं भाऊ पुण्यात, मी गावात, आणि खालच्या खाचरासाठी फार्महाऊसवाला गिऱ्हाईक दोनदा येऊन गेलाय.

चौथ्या दिवशी बांगान बघून आम्ही कियांगानकडं उतरलो आणि पाचवा दिवस तिथं. या कियांगानला दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, २ सप्टेंबर १९४५ ला, जपानी सेनापती यामाशिता शरण आला होता. पण मला सांगायचंय ते त्याहून जुनं.

कियांगानजवळ एका जुन्या गावठाणाची जागा आहे, जुनं कियांगान. इफुगाव लोक हे आपलं मूळ गाव मानतात. स्टीफन अकाबादो या फिलिपिनो पुरातत्त्वज्ञानं तिथल्या स्थानिक संस्थेला आणि गावकऱ्यांना बरोबर घेऊन २०१२ पासून तिथं उत्खनन केलं. त्याआधी २००९ मध्ये त्यानं बनावेतल्या खाचरांच्या रेडिओकार्बन तारखा छापल्या होत्या. गावठाण जुनं निघालं, साधारण हजार वर्षांचं. पण पाण्यातल्या भाताच्या खुणा सुरुवातीच्या थरांत नाहीत. त्या मिळतात साधारण १६५० च्या सुमारापासून. त्याआधी लोक मुख्यतः अळकुडी खात होते.

म्हणजे दोन हजार नाही, चारशेच्या आसपास.

हे मत सगळ्यांनाच मान्य आहे असं नाही. पण कारण ऐका. स्पॅनिशांनी १५७१ मध्ये मनिला घेतली आणि मग ते उत्तरेच्या नदीखोऱ्यांत शिरले. सपाटीवरच्या लोकांना चर्चच्या घंटेच्या टप्प्यात वसवायचं, त्यांच्याकडून खंडणी आणि वेठ घ्यायची, हा त्यांचा कारभार. ज्यांना ते नको होतं ते डोंगरात सरकले. फेलिक्स कीसिंग या अभ्यासकानं १९६२ मध्येच हा विचार मांडला होता, उत्खननानं त्याला बळ मिळालं. डोंगरात माणसं वाढली, त्यांना पोसायला आणि एकत्र बांधायला भात आलं. भात साठवता येतं, त्यावर सण होतात, मोठी गावजेवणं होतात. स्पॅनिशांनी फिलिपिन्सवर तीनशेहून जास्त वर्षं राज्य केलं, पण इफुगाव त्यांना कधीच पुरतं ताब्यात घेता आलं नाही. याचं एक कारण या पायऱ्यांवर उभं आहे.

मी गाईडला विचारलं, "मग तू लोकांना दोन हजार का सांगतोस?" तो हसला. म्हणाला, "पाहुण्यांना मोठा आकडा आवडतो. आमच्या म्हाताऱ्यांनाही. चारशे म्हटलं की त्यांना वाटतं, आपलं काहीतरी काढून घेतलं."

रात्री झोप येईना, तेव्हा मी हिशोब केला. दोन हजार वर्षांत डोंगर रचला, तर ते काम मुंगीचं, हळूहळू. पण थोड्याच पिढ्यांत रचला असेल, तर माणसांनी एकमेकांच्या खाचरात किती राबायला हवं! त्यांच्याकडं त्याला शब्द आहे, उब्बू. आज माझ्याकडं तुम्ही या, उद्या मी तुमच्याकडं, पैसा नाही. अहो, हीच तर आमची पडकई! आमच्या महादेव कोळी वाड्यांमध्ये उतारावर खाचर काढायचं तर सगळी वाडी एका घरी, मग दुसऱ्या घरी. मालकानं फक्त जेवण घालायचं. माझ्या मते चारशेच्या आकड्यानं इफुगावांचं काही कमी होत नाही. उलट, घाईत, संकटात, एकजुटीनं केलेलं काम म्हणून ते मोठंच होतं.

घरी आल्यावर मी वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या तात्यांकडं गेलो आणि आजीचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, "तुझं खालचं खाचर? ते तुझ्या आज्यानं काढलं. मी पोरगा होतो, दगड पोचवायला होतो. चौदा माणसं होती." आणि त्यांनी त्यातल्या अकरा जणांची नावं सांगितली. मी वहीत लिहून घेतली.

ज्या तालीला मी वडिलोपार्जित म्हणून कधीची समजत होतो, तिचा दगड वाहणारा माणूस अजून ओट्यावर बसलाय.

मार्चमध्ये आम्ही पाच जणांनी नऊ दिवसांत पडलेली ताल उभी केली. मजुरी दिली, कारण आता जेवणावर कुणी येत नाही आणि कुणी यावं असं म्हणणंही बरोबर नाही. पण त्यातल्या दोघांच्या बांधावर मी दोन-दोन दिवस जाऊन आलो. त्याखालची दुसरी ताल अजून पडलेलीच आहे. गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगितलंय. भावाला ते पटलेलं नाही.

मंडळी, एक काम करा. तुमच्या खाचराची ताल कुणी रचली, कोणत्या साली, किती माणसांनी, हे सांगणारं कुणी घरात किंवा वाडीत असेल तर या आठवड्यातच विचारून नावानिशी लिहून ठेवा. आमच्या तात्यांना उरलेली तीन नावं आठवेनात.